लेबर रूमचा नंबर

बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं. लांबलचक आहे, पण शेवटपर्यंत वाचा. ज्यांच्या मोबाइलवर ऑफिसचे फोन येतात त्या सगळ्यांशी याचा संबंध आहे.

मी एका रुग्णालयात टेलिफोन विभाग सांभाळते. २००५ साली ऑपरेटर म्हणून लागले तेव्हा समोर बटणांचा कन्सोल आणि भिंतीवर एक्स्टेंशनची यादी, एवढंच होतं. आता ईपीएबीएक्स (म्हणजे रुग्णालयातले सगळे फोन आपसांत आणि बाहेर जोडणारं यंत्र), आयपी फोन, डॉक्टरांच्या मोबाइलवर वळवलेले कॉल, सिस्टर्सच्या फोनमधलं ॲप असं सगळं माझ्याकडे आहे. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. दुसऱ्या रुग्णालयांतल्या, कारखान्यांतल्या ऑपरेटर मैत्रिणींशी बोलते तेव्हा त्यांच्याकडेही थोड्याफार फरकाने हेच असतं.

एका रात्री अडीचच्या सुमारास लेबर रूममधून सिस्टरचा फोन आला. "ताई, मॅडमना लावा लवकर, बाळाचे ठोके कमी होतायत." मॅडम ऑन कॉल होत्या, घरी. मी त्यांच्या मोबाइलला लावला. पूर्ण रिंग वाजली, उचलला नाही. परत लावला, तेच. तिसऱ्यांदाही तेच. शेवटी आरएमओने, म्हणजे रुग्णालयातच ड्युटीवर असलेल्या डॉक्टरने, खिशातला स्वतःचा मोबाइल काढून लावला आणि मॅडमनी दुसऱ्या रिंगला घेतला. मधे बारा मिनिटं गेली होती. मॅडम जवळच राहतात, लगेच आल्या. सिझेरियन झालं, बाळ दोन दिवस एनआयसीयूत, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, राहिलं आणि मग आईजवळ गेलं. सगळं नीट झालं. पण ती बारा मिनिटं माझ्या डोक्यातून अजून गेलेली नाहीत.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला त्यांचा फोन दाखवला. आदल्या दुपारपासून रुग्णालयाच्या नंबरवरून त्यांना अकरा कॉल होते. मेडिकलमधून, हे औषध नाही तर ते चालेल का. बिलिंगमधून दोनदा. डिस्चार्ज कार्डावर सही राहिली म्हणून एक. कुणा पेशंटचे नातेवाईक थेट बोलायचं म्हणाले म्हणून ऑपरेटरने जोडून दिलेले तीन. आणि रात्रीचे आमचे तीन. पडद्यावर सगळीकडे एकच नंबर, रुग्णालयाचा मुख्य नंबर. दिवसभर काम करून, आदली रात्रही जागून काढलेल्या बाईने झोपेत तो नंबर बघितला आणि तिला वाटलं, पुन्हा सहीच हवी असेल. मी त्यांना मुळीच दोष देत नाही. आरएमओचं नाव दिसल्याबरोबर त्या उठल्या, यातच सगळं आलं.

आता हे का होतं ते सांगते.

आमच्याकडे पीआरआय लाइन आहे, म्हणजे फोन कंपनीची एकाच वेळी अनेक कॉल नेणारी जोडणी. एका पीआरआयवर एका वेळी ३० कॉल चालतात आणि तिच्याबरोबर आम्हाला १०० नंबरांचा सलग गट मिळाला आहे. त्यांना डीआयडी म्हणतात. म्हणजे बाहेरच्या माणसाने तो नंबर फिरवला तर ऑपरेटरला मधे न घेता फोन थेट त्या टेबलावर वाजतो. बाहेर जाणाऱ्या कॉलबरोबर कुठला नंबर पाठवायचा, हेही ईपीएबीएक्समध्ये प्रत्येक एक्स्टेंशनला वेगळं ठरवता येतं. फोन कंपनी तुमच्या गटातला कुठलाही नंबर मान्य करते. गटाबाहेरचा पाठवलात तर तो काढून तुमचा पायलट, म्हणजे मुख्य, नंबर लावते. यंत्र बसवणाऱ्याने सोय म्हणून सगळ्या एक्स्टेंशनना पायलट नंबर भरून ठेवला होता. त्यानंतर इतकी वर्षं त्याला कुणी हात लावला नव्हता, मीही नाही. शंभर नंबरांचं भाडं आम्ही भरत होतो आणि जगाला एकच दाखवत होतो.

दुरुस्तीला अर्धा तास लागला. लेबर रूम, आयसीयू, एनआयसीयू आणि कॅज्युअल्टी या चार ठिकाणांना आपापला डीआयडी लावला. मग मी प्रत्येक ऑन कॉल डॉक्टरकडे स्वतः गेले आणि त्यांच्या फोनमध्ये ते चार नंबर नावांसकट भरून दिले. अँड्रॉइडवर त्यांना तारांकित केलं, डू नॉट डिस्टर्बमध्ये तारांकितांना सूट दिली. आयफोनवर त्या कॉन्टॅक्टच्या रिंगटोनमध्ये इमर्जन्सी बायपास नावाचं बटण असतं, ते चालू केलं. आता डू नॉट डिस्टर्ब चालू असलं तरी लेबर रूमचा कॉल वाजतो, आणि मेडिकलचा कॉल सकाळपर्यंत थांबू शकतो. एक फायदा तर माझ्या आधी लक्षातच आला नव्हता. कॉल हुकला आणि डॉक्टरांनी त्याच नंबरवर उलटा फोन केला तर तो थेट लेबर रूममध्ये वाजतो. पूर्वी तो मुख्य नंबरवर यायचा, 'अपॉइंटमेंटसाठी एक दाबा' ऐकावं लागायचं, आणि पुढे मला एकेका वॉर्डला विचारत बसावं लागायचं, "मॅडमना कुणी लावला होता?"

उलट बाजूचा प्रश्न अवघड आहे. पेशंटच्या नातेवाइकाने रुग्णालयात फोन केला आणि तो डॉक्टरांच्या मोबाइलवर वळवला, तर पडद्यावर नातेवाइकाचा नंबर का दिसत नाही? डॉक्टर मला नेहमी विचारतात. तो नंबर आमच्या गटातला नसतो, म्हणून. आपण मोबाइलवरून मोबाइलवर कॉल फॉरवर्ड करतो तेव्हा सहसा मूळ नंबर दिसतो, कारण ते काम कंपनीच्याच यंत्रणेत होतं आणि कॉल कुठून निघाला हे तिला ठाऊक असतं. ईपीएबीएक्सने वळवलेला कॉल मात्र कंपनीच्या दृष्टीने आमच्याकडून निघालेला नवा कॉल असतो. आम्ही म्हणू तो नंबर तिने दाखवायचा ठरवला, तर उद्या कुणीही कुणाचाही नंबर दाखवेल.

याबाबतीत मी कंपन्यांच्या बाजूने आहे. पोलीस असल्याचं सांगून, सीबीआयचं नाव घेऊन लोकांना लुटणारे कॉल आपण सगळ्यांनी ऐकले आहेत. परदेशातून येऊन पडद्यावर +९१ दाखवणारे कॉल अडवायची यंत्रणा दूरसंचार विभागाने २२ ऑक्टोबर २०२४ ला जाहीर केली, तेव्हा पहिल्या २४ तासांत सुमारे १ कोटी ३५ लाख असे कॉल सापडले. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात अशा ओळखीशी छेडछाड करणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड आहे. डॉक्टरांची गैरसोय खरी आहे, पण त्यासाठी हे दार उघडायला मी कधीच सांगणार नाही.

मग आम्ही काय केलं? बाहेरून येऊन वळवलेल्या कॉलसाठी गटातलाच एक वेगळा नंबर ठेवला. डॉक्टरांच्या फोनमध्ये तो 'बाहेरचा कॉल' या नावाने आहे. पेशंट कोण ते कळत नाही, पण घरचा कॉल नाही आणि वॉर्डचाही नाही, एवढं कळतं. शिवाय उचलल्यावर आधी ध्वनिमुद्रित आवाज येतो, कॉल घ्यायचा असेल तर १ दाबा. हे मी हट्टाने करून घेतलं. डॉक्टरांच्या लहान मुलाने फोन उचलायचा आणि पलीकडे घाबरलेल्या बापाने पेशंटचं सगळं सांगून मोकळं व्हायचं, असं आमच्याकडे दोनदा झालं आहे.

आता ज्या गोष्टीसाठी खरं तर ही पोस्ट लिहायला घेतली, ती सांगते.

त्या रात्रीपासून रुग्णालयात एक समज पसरला, की रुग्णालयाच्या नंबरवरून लावला की कुणी उचलत नाही, स्वतःच्या मोबाइलवरून लावला की उचलतात. बघता बघता वॉर्डातल्या सिस्टर्सही पेशंटना, नातेवाइकांना आपल्याच मोबाइलवरून फोन करू लागल्या. डिस्चार्जनंतर ड्रेसिंगची आठवण करायला, शुगरचा आकडा विचारायला. कुणी तसं सांगितलं नव्हतं, पण कुणी नकोही म्हटलं नाही. काम वेळेवर होत होतं आणि फुकटात होत होतं.

आमच्या एका सिस्टरने असाच एका पेशंटच्या भावाला फोन केला. त्याने नंबर सेव्ह केला. रात्री अकराला व्हॉट्सॲपवर 'झोपलात का' असा मेसेज. मग प्रोफाइलवरच्या फोटोबद्दल. मग एका पेमेंट ॲपमध्ये नंबर टाकून तिचं पूर्ण नाव, आडनावासकट, काढलं. मग एक रुपया पाठवला, सोबत मजकूर लिहिता येतो म्हणून. तिने ब्लॉक केलं की तो दुसऱ्या नंबरवरून यायचा. तीन महिने हे चाललं. शेवटी तिने नंबरच बदलला. नंबर बदलणं म्हणजे काय, तर बँक, आधार, गॅस, मुलाची शाळा, सोसायटीचा ग्रुप, सगळीकडे अर्ज, सगळीकडे ओटीपी, सगळीकडे रजा काढून खेपा. त्रास देणारा तो आणि खेपा हिच्या.

हे ऐकून मला जेवण गेलं नाही. टॅक्सीच्या ॲपवरून ड्रायव्हरला फोन केला तर आपला नंबर त्याला दिसत नाही, मधला एक नंबर दिसतो. जेवण घेऊन येणाऱ्या मुलालाही तसंच. वडापाव मागवणाऱ्या गिऱ्हाइकाचा नंबर झाकता येतो, तर रात्रपाळीच्या सिस्टरचा का नाही? आपल्या देशात मोबाइल नंबर हा आता नुसता फोनचा नंबर राहिलेला नाही. तो चेहरा आहे, पूर्ण नाव आहे, बँकेचं दार आहे. नोकरी करणाऱ्या बाईला तो अनोळखी लोकांत वाटायला लावण्याचा हक्क कुठल्याही मालकाला नाही.

काही जण म्हणतात, नंबर लपवून कॉल करा. भारतात ती सोय सामान्य ग्राहकाला मिळत नाही, आणि ते बरंच आहे. लपवलेल्या नंबरवरून रुग्णालयाने फोन केला तर कोण उचलेल?

आम्ही मोबाइलवरचं ॲप आणलं. त्यातून केलेला कॉल आमच्या ईपीएबीएक्समधून जातो आणि पेशंटला रुग्णालयाचाच नंबर दिसतो. पण इथे एक मेख आहे, आणि अशी ॲप वापरणाऱ्या प्रत्येकाने ती तपासावी. नेट कमकुवत झालं की आमचं ॲप गुपचूप सिमवरून कॉल लावायचं. म्हणजे लिफ्टजवळ उभी राहिलेली सिस्टर समजायची की रुग्णालयाचा नंबर जातोय, आणि जायचा तिचा स्वतःचा. पुरवठादाराच्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला, "मॅडम, कॉल ड्रॉप होऊ नये म्हणून दिलंय ते फीचर." मी ते त्याच दिवशी बंद करून घेतलं. नेट नसेल तर कॉल लागू नये, वॉर्डातल्या टेबलावरच्या फोनवरून करावा. ही सेटिंग कर्मचाऱ्याला विचारल्याशिवाय चालू ठेवणं मला विश्वासघात वाटतो.

आणखी एक गोष्ट येऊ घातली आहे. फोन करणाऱ्याचं नाव कंपनीनेच पडद्यावर दाखवावं, अशी शिफारस ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने २३ फेब्रुवारी २०२४ ला केली, आणि काही भागांत अशी नावं दिसायलाही लागली आहेत. सिम घेताना अर्जावर जे नाव दिलं तेच दिसणार. लोकांना ठकवणाऱ्यांना आळा बसेल म्हणून मला हे हवंच आहे. पण स्वतःच्या सिमवरून पेशंटला फोन करणाऱ्या सिस्टरचं नाव आता शोधून काढायचीही गरज उरणार नाही, रिंग वाजतानाच ते समोर येईल. आणि आमची लाइन ज्या ट्रस्टच्या नावावर आहे ते नाव गावात कुणालाच ठाऊक नाही. लोक रुग्णालयाला वेगळ्याच नावाने ओळखतात. त्याच शिफारशीत व्यावसायिक जोडण्यांना नोंदणीकृत व्यापारी नाव किंवा ट्रेडमार्क दाखवता यावा, असंही म्हटलं आहे. तुमच्या संस्थेची लाइन कुणाच्या नावावर आहे, ते आत्ताच बघून ठेवा.

जाता जाता, रुग्णालयाचा मुख्य नंबर ट्रूकॉलरवर लाल दिसतो, अशी तक्रार आमच्याकडेही होती. मार्केटिंगवाले हेल्थ चेकअपच्या पॅकेजचे फोन त्याच नंबरवरून करत होते, आणि लोक तो स्पॅम म्हणून कळवत होते. जाहिरातीच्या कॉलसाठी १४० ने सुरू होणारे नंबर असतात, ते वेगळे घ्यावे लागतात. ज्या नंबरवरून बायोप्सीचा रिपोर्ट तयार असल्याचं कळवायचं, त्यावरून सवलतीचे फोन करू नयेत. हा वाद मला तीन बैठकांत घालावा लागला.

नंबर बदलावा लागलेल्या त्या सिस्टरने मला विचारलं होतं, "ताई, वॉर्डाला एक मोबाइल देता येणार नाही का? ड्युटी संपली की ज्याची पाळी त्याच्या हातात." दहा वॉर्ड, दहा साधे हँडसेट, रुग्णालयाच्या नावावरची दहा सिम. मी दर काढले, फाइल केली, नर्सिंग सुपरिंटेंडेंट मॅडमनी सही केली. ती फाइल गेले सात आठवडे अकाउंट्समध्ये आहे. सोमवारी मी पुन्हा जाणार आहे, आणि या वेळी ती सिस्टरही माझ्याबरोबर येते म्हणाली आहे.