कासपर्यंत चालायचं ठीक आहे, पण पैसे कशाला मागायचे?

साताऱ्यात पोवई नाक्याच्या अलीकडं चहाच्या गाड्यापाशी आमचा कट्टा असतो. तिथं काल संत्यानं विषय काढला आणि गाडा बंद व्हायची वेळ आली तरी कोण उठेना. संत्याचं म्हणणं एवढंच की आपण सगळ्यांनी महिनाभर चालायचं, टोटल 100 किलोमीटर, आणि पाव्हण्यांना, ऑफिसातल्यांना सांगायचं की मी चालतोय, तुम्ही कॅन्सरच्या पेशंटसाठी जमेल तेवढं द्या. बाहेरच्या देशात लोक सर्रास करतात हे, संस्थेच्या साइटवर स्वतःचं पेज काढायचं, रोज किती चाललो ते टाकायचं आणि ओळखीचे लोक त्यावर पैसे भरतात.

तात्या लगेच पेटले. "आरं, चालणार तू, पोट कमी हुणार तुझं आणि पैसं देणार मी? द्यायचं तर सरळ खिशातनं दे की. आणि महिन्यात 100 म्हंजे दिवसाला साडेतीन पण नाय, तेवढं तर पोस्टमन दुपारच्या आत चालतो."

100 चा मुद्दा संत्यानं जागेवर मान्य केला. मग ठरलं की महिनाभर सराव करायचा आणि शेवटच्या रविवारी समर्थ मंदिरापासनं यवतेश्वरचा घाट चढून कासच्या पठारापर्यंत जायचं, म्हणजे जवळपास 25 किलोमीटर आणि त्यातला पहिला घाट भल्याभल्यांचा दम काढतो. पण पैसे मागण्याचं तात्यांना काय पटेना. "मी आळंदी ते पंढरपूर चालतो, कधी कुणापुढं पावती फाडली का?"

इथं मला बोलावंच लागलं. म्हटलं तात्या, लोणंदला तुम्हाला जेवायला कोण घालतं? तरडगावला, फलटणला कोण घालतं? ज्यांचे गुडघे गेलेत, ज्यांच्या घरात लहान पोरं आहेत, ज्यांना दुकान टाकून येता येत नाही, ती माणसं रस्त्याला भाकरी-पिठलं घेऊन उभी असतात, कोण पाय चेपतं, कोण फाटलेली चप्पल फुकट शिवून देतं. का? तर चालणं त्यांना जमत नाही पण वारीत आपला हात लागावा असं वाटतं. चालणारा चालतो, न चालणारा देतो, हे आपल्याकडं शेकडो वर्षं चाललंय, ते बाहेरनं आलेलं नाही. तात्या म्हणाले ती माउलीची सेवा, ते वेगळं. पण आवाज खाली आला होता.

मास्तर तोपर्यंत गप होते, त्यांनी टेरी फॉक्सचं सांगितलं. कॅनडातला पोरगा, 18 व्या वर्षी हाडाच्या कॅन्सरनं उजवा पाय गुडघ्याच्या वरनं कापलेला. 1980 साली कृत्रिम पाय लावून देश पार करायला निघाला, रोज साधारण 42 किलोमीटर, मागणं एकच, माणशी एक डॉलर. 143 दिवसांत 5,373 किलोमीटर झाले आणि फुप्फुसात कॅन्सर निघाला म्हणून थांबावं लागलं. पुढच्या वर्षी जूनमधे गेला, वय 22. पण जाण्याआधी देशाची जेवढी लोकसंख्या तेवढे डॉलर जमलेले त्यानं पाहिले, 2 कोटी 40 लाखांवर. मास्तर म्हणाले, "आणि साताऱ्यात बसून आपण विचारतोय मागायचं का? कर्मवीर अण्णांनी मुष्टिफंड काय केला मग? घरटी मूठभर धान्य मागून पोरं शिकवली. मूठभर दिलं की ती शाळा त्या बाईला आपली वाटायची."

बंड्याचं मेडिकल आहे, त्याचा राग वेगळाच. म्हणाला चाला रे, पण चालताना लोकांशी बोला. गुटख्यावर 2012 पासनं बंदी आहे, तरी रोज एकतरी गिऱ्हाईक येतं तोंडाला लावायची ट्यूब मागायला, महिनोन्‌महिने तीच ट्यूब, डॉक्टरकडं जा म्हटलं तर हसून निघून जातं. आयाबाया तव्यावर तंबाखू भाजून मिश्री करतात, सकाळी बोटानं हिरडीला लावून तासभर चुलीपुढं बसतात, त्यांना कुणी सांगतच नाही की तंबाखू ती तंबाखूच. मग त्यानं तीन बोटं जुळवून उभी तोंडात घालून दाखवली. एवढं तोंड उघडलं पाहिजे, नसेल उघडत, किंवा पांढरा-लाल चट्टा असेल, पंधरा दिवसांत न भरणारी जखम असेल, तर सरळ सिव्हिलला जाऊन दाखवायचं. आम्ही सगळ्यांनी तिथंच बोटं घालून बघितली. संत्याच्या शेजारी बसलेल्या पोराची दोनच गेली. तो काय बोलला नाही, बंड्या त्याला उद्या घेऊन जाणार आहे.

राहिला पैसा कुठं द्यायचा. उपचाराला सरकारची महात्मा फुले योजना आहे, रेल्वेत स्लीपरला पेशंटचं तिकीट माफ असतं, हे खरं. पण तोंडाच्या कॅन्सरला शेक (रेडिएशन) देतात तो आठवड्याला पाच दिवस, सहा-सात आठवडे. परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटलात नंबर लागला तर साताऱ्याच्या माणसानं दीड महिना मुंबईत राहायचं कुठं, खायचं काय, आणि सोबत गेलेल्या पोराची मजुरी बुडते ती कोण भरणार? दादरला गाडगेबाबांची धर्मशाळा आहे, तिथं हे पेशंट राहतात, म्हणून तरी कितीतरी जणांचे उपचार पुरे होतात. माझं स्पष्ट मत आहे की आपला पैसा या राहण्या-जेवणाला जावा. उपचार फुकट असून अर्ध्यात गावी परत आलेली माणसं आपण बघतो, आणि ते मला सहन होत नाही.

तात्यांनी अटी घातल्या आणि त्या सगळ्यांना पटल्या. टीशर्ट नाही, बॅनर नाही, आमच्या कुणाच्या खात्यावर एक रुपया नाही. देणाऱ्यानं थेट पेशंटांची सोय करणाऱ्या संस्थेच्या खात्यात भरायचं, पावती त्याच्याच नावावर, ग्रुपवर फक्त पावतीचा फोटो. ज्यांना देणगीवर इन्कम टॅक्सची सूट हवी त्यांनी 2,000 च्या वर रोख देऊ नये, ती धरत नाहीत.

घाट किती वाजता चढायचा यावर अजून एकमत नाही. तात्या म्हणतात पहाटे चार, संत्या म्हणतो सहा.