बुरख्यावरचा तो मेसेज: खानदेशातून एकेका दाव्याला उत्तर

जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचं सार असं: मुसलमान बाईला तोंड झाकायला धर्मानेच लावलंय, बुरख्याआडून बोगस मतदान आणि परीक्षेत कॉपी चालते, कोर्टाने बुरखाबंदी मान्य केलीच आहे आणि फ्रान्सने ती करून दाखवलीये, तोंड न दाखवणाऱ्या माणसाशी संवाद होऊच शकत नाही, आणि शेवटी, बंदी त्या बायकांच्याच भल्याची आहे. मी जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत शिकवते. आमच्या स्टाफच्या ग्रुपवर हा मेसेज टाकणारी माणसं माझ्या रोजच्या ओळखीची आहेत, वाईट नाहीत. म्हणूनच गप्प बसवत नाही.

बोगस मतदानापासून सुरुवात करते, कारण त्या टेबलावर मी स्वतः बसलेय. निवडणुकीची ड्युटी आम्हा शिक्षकांना चुकत नाही. ज्या केंद्रावर पडदानशीन, म्हणजे बुरखा-नकाब घेणाऱ्या मतदार जास्त, तिथे ओळख पटवायला महिला कर्मचारी आणि वेगळा आडोसा ठेवावा, अशी निवडणूक आयोगाची सूचनाच असते. प्रत्यक्षात तो आडोसा म्हणजे वर्गाच्या कोपऱ्यात दोरीला बांधलेली चादर. बाई आत येते, नकाब वर करते. मी ओळखपत्रावरचा फोटो बघते, चेहरा बघते, यादीतलं नाव आणि वय ताडून पाहते. मग डाव्या तर्जनीला शाई, रजिस्टरवर सही किंवा अंगठा. एका म्हातारीने नकाब वर करून मला सांगितलं होतं, ‘फोटो पुराना है बेटी, नाक देख लो.’ जुन्या, धुरकट फोटोची अडचण तिच्यामागे रांगेत उभ्या असलेल्या नऊवारीतल्या आजीचीही तीच होती.

शिवाय समोर सगळ्या पक्षांचे पोलिंग एजंट यादी घेऊन बसलेले असतात. कोणाच्याही ओळखीबद्दल शंका आली, तर दोन रुपये भरून आक्षेप घेता येतो आणि केंद्राध्यक्षांना तिथल्या तिथे चौकशी करावी लागते. मतदार यादीत पडदानशीन बायकांचे फोटो नकोत, ही मागणी मद्रास उच्च न्यायालयाने २००६ मध्येच फेटाळली. म्हणजे मत द्यायचं तर चेहरा दाखवावाच लागतो. हे आजही असंच आहे आणि ते योग्यच आहे. एखाद्या केंद्रावर महिला कर्मचारी नसेल, तर ती चूक प्रशासनाची. तिथे भांडायचं असेल तर मी तुमच्या बरोबर येईन.

परीक्षेचंही तसंच. २०२५ च्या जानेवारीत राज्याच्या एका मंत्र्यांनी दहावी-बारावीच्या केंद्रांवर बुरख्याला परवानगी नको, असं पत्र शिक्षणमंत्र्यांना लिहिलं, तेव्हापासून हा मुद्दा जोर धरून आहे. हॉल तिकिटावर फोटो असतो; बाजूच्या खोलीत एखाद्या मॅडमने तो चेहऱ्याशी ताडून बघितला की काम झालं. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’सारख्या कडक परीक्षेतसुद्धा धार्मिक पेहरावातल्या मुलामुलींना तपासणीसाठी लवकर या, एवढंच सांगतात. आणि कॉपीचं म्हणाल तर ती कशी चालते, हे आपल्याकडच्या कुठल्याही शिक्षकाला विचारा. खिडकीतून चालते, शौचालयात चालते, कंपाउंडवर चढलेल्या भावांकडून चालते. तिथे जात-धर्म कोणी पाहत नाही.

‘धर्मानेच लावलंय’ हे वाक्य लिहिणाऱ्याने यावल-रावेर-चोपड्याचा सातपुड्याकडचा पट्टा पाहिलेला दिसत नाही. तिथले तडवी भिल्ल मुसलमान आहेत, पिढ्यान्पिढ्या आहेत. त्यांच्या बायका साडी-लुगड्यात, डोक्यावर पदर घेऊन, उघड्या तोंडाने शेतात राबत आल्यात. त्या काय कमी मुसलमान? चेहरा झाकणं बंधनकारक आहे की नाही, यावर मुस्लिम धर्मपंडितांमध्येच शतकानुशतकं मतभेद आहेत. हजच्या वेळी इहराममध्ये, म्हणजे यात्रेच्या व्रतस्थ अवस्थेत असताना तर बाईने नकाब घालायचा नसतो. तेव्हा कोणी श्रद्धेने घालते, कोणी घरच्यांच्या धाकाने, कोणी मोहल्ल्यात सगळ्याच घालतात म्हणून. मेसेज या सगळ्यांना एकाच गाठोड्यात बांधतो.

कोर्टाचा मुद्दा थोडक्यात सांगते. कर्नाटकातला वाद वर्गात युनिफॉर्मवर डोक्याला स्कार्फ बांधण्याचा होता, रस्त्यावर तोंड झाकण्याचा नव्हे. उच्च न्यायालयाने १५ मार्च २०२२ ला सरकारच्या बाजूने निकाल दिला, पण १३ ऑक्टोबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही आणि मोठं पीठ नेमावं म्हणून प्रकरण सरन्यायाधीशांकडे गेलं. पुढे चेंबूरच्या एका कॉलेजच्या प्रकरणात ९ ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने हिजाब, टोपी, बॅज यांवरच्या बंदीला स्थगिती दिली. वर्गात बुरखा मात्र नको, असंही सांगितलं. वर्गापुरतं ते मलाही पटतं. शिकवताना मला मुलींचे चेहरे बघावे लागतात, समजलं की नाही ते तिथेच कळतं. पण यातून रस्त्यावर, बसमध्ये, बाजारात बंदी ‘मान्य झाली’ असा अर्थ कसा निघतो?

फ्रान्सचा कायदा २०१० चा, लागू झाला ११ एप्रिल २०११ ला. त्याआधीच्या सरकारी अंदाजानुसार सहा कोटींवर लोकसंख्येच्या त्या देशात पूर्ण चेहरा झाकणाऱ्या बायका होत्या सुमारे १,९००. प्रकरण युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेलं, २०१४ मध्ये कायदा टिकला, हे मेसेज सांगतो. पुढचं सांगत नाही. सुरक्षेसाठी सरसकट बंदीच लागते, हे फ्रान्स सरकारचं म्हणणं त्या न्यायालयाने स्वीकारलं नाही. स्त्री-पुरुष समानतेचं कारणही स्वीकारलं नाही. कायदा टिकला तो ‘एकत्र राहण्याच्या’ तिथल्या कल्पनेवर, म्हणजे सार्वजनिक जागी माणसांनी एकमेकांना चेहरा दाखवावा या विचारावर. २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने तर ही बंदी हक्कांचा भंग आहे, असंच म्हटलं. आणि २०२० मध्ये त्याच फ्रान्सने कोरोनासाठी मास्क सक्तीचा केला, तेव्हा अर्ध्या झाकल्या चेहऱ्यांनी दुकानं, बस, कचेऱ्या सगळं चाललं.

मला इराणचं उदाहरण जास्त शिकवणारं वाटतं. १९३६ मध्ये तिथला राजा रझा शाह याने पडद्यावर बंदी आणली, पोलीस रस्त्यात बायकांच्या डोक्यावरची वस्त्रं ओढू लागले आणि कित्येकींनी घराबाहेर पडणंच सोडलं. १९७९ च्या क्रांतीनंतर त्याच देशात हिजाब सक्तीचा झाला आणि २०२२ मध्ये हिजाब नीट घातला नाही म्हणून पकडलेली तरुणी महसा अमिनी पोलिसांच्या ताब्यात असताना गेली. दोन्ही वेळा बाईच्या डोक्यावर हात टाकला तो सरकारनेच.

आता संवादाचा दावा. ‘तोंड दिसल्याशिवाय विश्वास बसत नाही’ हे जळगावच्या माणसाने म्हणावं, याचं मला खरंच वाईट वाटतं. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या आसपास जातो. सनकोट, हातमोजे, डोक्याभोवती घट्ट गुंडाळलेला स्कार्फ आणि वर गॉगल घातलेल्या आमच्या मुली स्कूटीवरून निघतात, तेव्हा बापालाही आपली कोणती ते गाडीच्या नंबरावरून ओळखावं लागतं. तशाच त्या भाजी घेतात, मेडिकलमधून औषध घेतात, ओळखीचं कोणी भेटलं की बोलत उभ्या राहतात. कोणाचा विश्वास उडाला? बँकेत किंवा सराफाकडे शिरताना हेल्मेट, रुमाल, स्कार्फ, नकाब सगळेच काढायला सांगा, माझी काही तक्रार नाही. नियम सगळ्यांना सारखा असावा, एवढंच.

डोकं झाकण्याचं म्हणाल तर अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राच्या २०१९-२० च्या पाहणीत भारतातल्या ६१ टक्के बायका घराबाहेर डोकं झाकतात, असं आढळलं. हिंदू बायकांमध्ये हे प्रमाण ५९ टक्के होतं. सासऱ्यासमोर पदर कपाळाखाली ओढणाऱ्या बायका आपल्याही गावांत आहेत आणि त्यांच्याशी बोलणं कधी कोणाचं थांबलेलं नाही.

आमच्या शाळेत अमळनेरकडची एक आई प्रगतिपुस्तक न्यायला नकाब घालूनच येते. बाकावर माझ्या शेजारी बसते आणि थेट अहिराणीत विचारते, ‘मॅडम, मनी पोर शाळामा ध्यान देस का?’ पोरीचं गणित कच्चं आहे, हे सांगितलं की तिचा आवाज पडतो. क्लास लावावा का, फी किती पडेल, परत येताना अंधार होईल का, हे ती एकामागोमाग विचारत जाते. दुसऱ्या कुठल्याही आईपेक्षा वेगळं असं मला त्यात काही ऐकू येत नाही. तिच्याशी एकदाही न बोललेला माणूस ‘संवाद होत नाही’ म्हणतो, तेव्हा तो संवाद अडलाय कुठे?

राहिला ‘त्यांच्याच भल्याचा’ दावा. त्याला जोडून मेसेजमध्ये म्हटलंय की त्यांच्यातून कोणी आवाज काढत नाही, म्हणून सरकारनेच पाऊल उचलावं. हे साफ खोटं आहे. समाजसुधारक हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ ला सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत विधान भवनावर नेला, तो तोंडी तलाकच्या विरोधात. १९७० मध्ये पुण्यात त्यांचंच मुस्लिम सत्यशोधक मंडळ सुरू झालं. आणि लांब कशाला जायचं? १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जळगावातच जमातीच्या पुढाऱ्यांनी मुस्लिम बायकांना सिनेमा बघायला बंदी घातली होती. तिच्याविरुद्ध उभ्या राहिल्या त्या याच मातीतल्या तरुण रझिया पटेल. धमक्या, बदनामी, बहिष्कार सगळं वाट्याला येणार, हे माहीत असताना उभ्या राहिल्या.

मुलीच्या मनाविरुद्ध तोंड झाकायला लावणं अन्याय आहे. मी हे पालकसभेत बापांच्या तोंडावर बोलते. पण माझ्या वर्गातल्या काही मुली दहावीच्या पुढे गेल्या त्या एकाच अटीवर: बुरखा घालून एसटीने जाशील, तर जा. ती अट मला आवडत नाही. तरी तिच्या बळावर त्या तालुक्याला पोचल्या, आता स्वतः कमावतात, आणि बुरखा ठेवायचा की सोडायचा हे घरात बोलून दाखवण्याइतकं बळ त्यांच्यात आलंय. उद्या रस्त्यावर, बसमध्ये बंदी आली तर दंड त्या पोरीला होईल. बापाला तिला घरी बसवायला आयतं कारण मिळेल, आणि जळगावात बायकांचा सिनेमा बंद करणारे जे होते, त्यांच्या वारसदारांचं काम कायदाच करून देईल.