निवडणूक हरलात? बेट तुमचंच आहे!

निर्जन बेटावर पोरापोरांत निवडणूक झाली आणि तुम्ही पडलात, तर मुळीच खचू नका. इंग्रज कादंबरीकार विल्यम गोल्डिंगनं १९५४ सालीच, निर्जन बेटावर अडकलेल्या शाळकरी पोरांची गोष्ट, 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज', लिहून तुमची सोय करून ठेवली आहे. लोक उगाच त्या कादंबरीनं विषण्ण होतात.

तुमचा आदर्श जॅक. 'मी चर्चच्या गायकवृंदाचा म्होरक्या, वरच्या पट्टीत गातो, मलाच प्रमुख करा,' असं सांगूनही पोरांनी शंख फुंकणाऱ्या रॅल्फला निवडलं. (शंख ओळखला पिगीनं, फुंकायचा कसा तेही त्यानंच सांगितलं. पण तो जाडा, दमेकरी आणि चष्मिस. त्याला कोण मत देतंय?) रॅल्फनं समजूत काढायला जॅकला शिकारखातं दिलं. असं खातं मुकाट घ्यावं. झोपड्या बांधा, जहाजांना धूर दिसावा म्हणून जाळ पेटता ठेवा, संडासाला ठरलेल्या जागीच बसा, हे ओरडून सांगायचं काम रॅल्फकडेच राहू द्या. संडासाची शिस्त लावली म्हणून कुणाचा पुतळा उभा राहिलेला नाही.

जाळावर पाळी असलेली पोरं तुम्ही शिकारीला नेलीत, जाळ विझला आणि नेमकं तेव्हाच समोरून जहाज निघून गेलं, तर? पिगी बोलेल. त्याच्या पोटात गुद्दा घाला, वर एक थप्पड. चष्म्याची एक काच फुटेल. मग दिलदारपणे माफी मागा, पण फक्त जाळाबद्दल. काचेचं नाव काढायचं नाही. शिकारी मंडळी कौतुकानं कुजबुजतील आणि रागावलेला रॅल्फच कोत्या मनाचा ठरेल. लगेच डुक्कर भाजायला घ्या. जाळ पेटवायला पिगीचाच चष्मा लागतो, मटण मात्र त्याला द्यायचं नाही. सायमन नावाचा पोरगा आपला तुकडा त्याला देईल. असल्या माणसांवर नजर ठेवा.

पुन्हा हात वर करून मतदान मागू नका. जॅकनं मागितलं, एकही हात वर झाला नाही, बिचारा रडत निघून गेला. मग तीच पोरं एकेक करून हळूच त्याच्याकडे सरकली. हात वर करायला लाज वाटते, मटणाच्या वासामागे जायला नाही.

नुसत्या मटणावर मात्र राज्य टिकत नाही, पोरांना घाबरवणारं श्वापदही लागतं. डोंगरावरचं श्वापद म्हणजे पॅराशूटमध्ये अडकलेलं माणसाचं प्रेत आहे, हे सायमननं जाऊन पाहिलं. ते सांगायला तो खाली आला, तेव्हा वादळी अंधारात नाच रंगला होता. पोरांनी त्यालाच श्वापद समजून मारलं. दुसऱ्या दिवशी जॅकनं सांगितलं की श्वापद वेष पालटून आलं होतं, मेलेलं नाही, परत येईल. आणि शहाणासुरता पिगी? तो म्हणाला, अपघात होता, आपण तर कडेला होतो. एवढी मदत सख्खा भाऊही करत नाही!

मग कुणातरी विल्फ्रेडला बांधून फटके द्या. कशाबद्दल, ते सांगू नका.

शेवटी रॅल्फला हुडकायला अख्खं बेट पेटवा. धूर पाहून नौदल येईल, म्हणजे सुटकेचं श्रेयही तुमचंच. पण अधिकारी विचारेल, 'इथला प्रमुख कोण?' तेव्हा रॅल्फला 'मी' म्हणू द्या. कमरेला पिगीच्या चष्म्याचे अवशेष लटकवून जॅक पुढे सरसावला होता खरा, पण वेळेवर शहाणा होऊन जागीच थांबला. 'तुम्ही एकूण किती जण आहात हेसुद्धा माहीत नाही?' ही बोलणी मग रॅल्फला खावी लागली.