चाक फिरलं म्हणजे टायर बसला असं नाही

‘स्टँडवर चाक कुठेही न घासता फिरलं तर २८चा टायर जुन्या रोड बाईकलाही चालतो’ हे सायकलला रुंद टायर लावण्याबद्दलच्या लेखातलं वाक्य (२८ म्हणजे २८ मिमी रुंदी) मला अजिबात पटलं नाही. स्टँडवर चाकावर वजन नसतं. चढावर उभं राहून पेडल मारलं की मागचं चाक डावी-उजवीकडे लवतं आणि बॉटम ब्रॅकेटमागे (पेडलचा आस बसतो त्या भागामागे) चेनस्टे, म्हणजे मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या फ्रेमच्या नळ्या, यांच्यातली जागा जिथे सर्वांत अरुंद असते, नेमकं तिथेच घासतं. शिवाय टायरवर छापलेला आकडा हा खरा आकडा नसतो. आतून २१ मिमी रुंद असलेल्या रिमवर माझा २८चा टायर व्हर्निअरने मोजला तर जवळपास ३० भरला, तोही हवा भरून एक रात्र ठेवल्यावर, कारण नवा टायर नंतर थोडा फुगतो.

आणि पावसाळा? ताम्हिणीत ओल्या टायरला बारीक खडी चिकटते. टायर आणि फ्रेममधली जागा दीड-दोन मिमीच असेल तर तो खडा प्रत्येक फेऱ्याला फ्रेम खरवडतो. माझ्या ग्रुपमधल्या एकाच्या कार्बन चेनस्टेचा रंग असाच जाऊन आतले धागे दिसायला लागले होते. जागा तपासायला ४ मिमीची अ‍ॅलन की (षटकोनी पाना) टायरच्या दोन्ही बाजूंनी आणि वरून, ब्रेक कॅलिपरखालूनसुद्धा, न अडकता फिरली पाहिजे. फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दुफळ्या दांड्याच्या) माथ्याशी तर तडजोड नकोच, तिथे खडा अडकून पुढचं चाक थांबलं तर माणूस सरळ हँडलवरून जातो. टायर रुंद जरूर लावा, आपल्या रस्त्यांवर त्याचा आराम मोठा आहे, पण लेखकांनी ते वाक्य कृपया बदलावं.