पुदिना कुटा, उकळा, सोडा घाला? जरा थांबा

पुदिन्याच्या चार ‘युक्त्या’ सांगणारा एक संदेश सध्या सगळीकडे फिरतोय: भरपूर कुटा, खळखळ उकळा, हिरव्या रंगासाठी खायचा सोडा घाला आणि पानं धुऊन डब्यात भरा. यातली शेवटची अर्धी बरोबर आहे.

‘जितकं कुटाल तितका स्वाद’
पुदिन्याचं सुगंधी तेल पानात खोलवर नसतं. ते पानावरच्या, जास्त करून खालच्या बाजूच्या, बारीक ग्रंथींत असतं आणि त्या हलक्या दाबानेही फुटतात. पान नुसतं चुरगळलं तरी बोटांना वास लागतो तो म्हणूनच. त्यापुढे कुटत राहिलात की पेशी फुटतात, आतल्या रसाला हवा लागून पान काळं पडतं आणि तुरट, गवतासारखी चव उतरते. २५० मिली सरबताला ८-१० पानं आणि २ चमचे साखर पुरे. ग्लासाच्या तळाशी बत्त्याने चार-पाचदा दाबून फिरवा. पान गडद आणि मऊ झालं, पण अखंड आहे, की हात थांबवा. चिंध्या दिसू लागल्या तर जास्त झालं, आणि मग साखर वाढवून काही साधत नाही. गोड कडवट सरबत मिळतं एवढंच.

‘उकळल्याशिवाय अर्क उतरत नाही’
हे तेल झाडापासून वेगळं करतात तेच मुळी वाफेने. त्यामुळे उघड्या पातेल्यात दहा मिनिटं उकळलं की घरभर घमघमाट आणि कपात बेचव काढा. पाणी उकळून गॅस बंद करा, मिनिटभर थांबा, २०० मिलीला १०-१२ पानं टाका आणि ५ मिनिटं झाकून ठेवा. झाकणाला आतून लागलेले थेंब कपातच पाडा, वास त्यांनाही असतो. गरम रश्शात किंवा भातातही पुदिना अगदी शेवटी.

‘सोड्याने रंग टिकतो’
टिकतो, हे खरं. आंबटपणा आणि उष्णता मिळून हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं, रंग शेवाळी होतो. सोडा आंबटपणाच मारतो. पण मग चटणीत लिंबू घालायचं कशाला? शिवाय पानं बुळबुळीत होतात आणि वाटणाला साबणासारखी चव येते. त्यापेक्षा पानं उकळत्या पाण्यात १०-१५ सेकंद बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाका, म्हणजे काळं पाडणारी एन्झाइम निकामी होतात. पिळून, २-३ बर्फाचे खडे घालून मिक्सर थांबत थांबत फिरवा. सलग फिरवला की भांडं तापतं. या पद्धतीत वास थोडा जातो, म्हणून पाव भाग पानं कच्चीच ठेवून वाटणात घाला. लिंबू वाढायच्या वेळी पिळा.

‘धुऊन डब्यात भरा’
धुवा जरूर, पण पूर्ण कोरडी करूनच भरा. ओली पानं एकमेकांना चिकटून काळी पडतात, सडतात. डब्याच्या तळाशी कोरडा कागद घाला, पानं दाबून भरू नका आणि काळं पडलेलं पान दिसलं की लगेच काढून टाका.