पडद्यावरचा काळा डाग आणि ‘स्कॅन करू नका’चा फतवा

“डोळ्याच्या पडद्यावर काळा डाग म्हणजे कॅन्सरच. मोबाइलमुळे होतो. ओसीटी करू नका, किरणांनी तो पसरतो. पुढे आतड्याचाही कॅन्सर होतो.” हा मेसेज आता घरच्या ग्रुपवरही येऊन पडलाय, खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग.

सगळ्यात घातक वाक्य किरणांचं. ओसीटी म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा प्रकाशाने काढलेला स्कॅन, त्यात एक्स-रे नसतोच. असतो तो ८४०-८८० नॅनोमीटरच्या आसपासचा मंद प्रकाश. पडद्यावरून परतलेल्या प्रकाशातून थरांचा उभा छेद उमटतो, ५-७ मायक्रॉनच्या बारकाईने. हनुवटी टेकवायची, खुणेकडे बघायचं, काही सेकंदांत काम आटोपतं.

ही तपासणी फसते ती वेगळ्याच कारणाने. नेहमीचा स्कॅन मॅक्युलाचा, म्हणजे पडद्याच्या मधल्या भागाचा, आणि सीएचआरपीई, म्हणजे पडद्यावरचा जन्मजात, सहसा निरुपद्रवी काळा डाग, बहुधा कडेला. थेंबांनी बाहुली मोठी करून, नजर डागाच्या दिशेला वळवून, स्कॅनची रेघ काठावर अर्धी आत अर्धी बाहेर टाकली नाही, तर रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो आणि डाग बघायचाच राहतो. रेघ नीट पडली की रंगद्रव्याचा थर जाड दिसतो, वरचा प्रकाशग्राही पेशींचा थर काठापाशी कापल्यासारखा संपतो, खाली सावली पडते. डागात फिकट खिडक्या असतील तर तिथून प्रकाश कोरॉइडपर्यंत, म्हणजे पडद्यामागच्या रक्तवाहिन्यांच्या थरापर्यंत, उतरतो, उभे उजळ पट्टे दिसतात. वाइडफील्ड फोटोत, म्हणजे पडद्याच्या कडेपर्यंतच्या फोटोत, हिरव्या आणि लाल प्रकाशाच्या दोन्ही चॅनेलमध्ये दिसला तर डाग पडद्याचा. हिरव्यात गायब, लालमध्ये हजर असेल तर बहुधा कोरॉइडमधला तीळ. त्याची जाडी २ मिमीच्या वर किंवा पडद्याखाली पाणी असेल तर मात्र चालढकल नको.

मोबाइलचं म्हणाल तर डाग जन्मापासूनचा. बारशाला मोबाइल कुणी दिला होता?

आतड्याचं अर्धंमुर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य. दोन्ही डोळ्यांत मिळून ४ किंवा जास्त डाग, माशासारखे लांबट, टोकाला फिकट, असे दिसले तर घरात कुणाला आतड्यात पॉलिप, म्हणजे मांसल कोंब, होते का, ते विचारायचं आणि कोलोनोस्कोपीबद्दल, म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं तपासण्याबद्दल, डॉक्टरांशी बोलायचं. एकुलता गोल डाग, किंवा एकाच डोळ्यात अस्वलाच्या पावलांसारखा पुंजका, यांचा त्याच्याशी संबंध नाही.

‘पसरतो’ हेही थोडं खरं, पण स्कॅनमुळे नव्हे. डोळ्यांच्या कॅन्सरच्या तज्ज्ञ कॅरोल शिल्ड्स आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये असा डाग असलेल्या ३३० रुग्णांचा अभ्यास छापला. जुन्या-नव्या फोटोंची तुलना केली तेव्हा बहुतेक सपाट डाग हळूहळू रुंदावलेले निघाले. क्वचित एखाद्यावर गाठ उगवते. म्हणूनच पहिला फोटो हवा. पुढचा त्याच मशीनवर, त्याच कोनातून काढायचा, आणि मूळ फाइल मागून घ्यायची. कागदी प्रिंटवर मिलिमीटर मोजता येत नाहीत.