नागीण, म्हातारपण आणि इम्युनिटी बूस्टर: एका प्रतिक्रियेला उत्तर

रागावून का होईना पण एवढं सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा लांबच देतोय. तुमचा आक्षेप असा की मी एकीकडे लिहिलं म्हातारपणी इम्युनिटी मंदावते आणि दुसरीकडे लिहिलं म्हातारपणी अंगातली सूज (इन्फ्लमेशन) वाढते, म्हणजे मीच मला खोडून काढलं, त्यापेक्षा 'वय झालं, ताकद कमी झाली, बूस्टर घ्या' एवढं सांगितलं असतं तरी पुरलं असतं.

नसतं पुरलं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि एकीमुळे दुसरी होते.

तुम्ही आईच्या नागिणीचं लिहिलंय तर तेच घेऊ. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या तरी तो व्हायरस जात नाही, मणक्याजवळच्या नसांच्या गाठींमधे पडून राहतो आणि टी सेल्स (व्हायरसशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) त्याला वर्षानुवर्षं दाबून ठेवतात, पन्नाशीनंतर तो डोकं वर काढायची शक्यता वाढत जाते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आर्ने अकबर यांच्या टीमने या व्हायरसचे अँटिजेन (ज्यांवरून इम्युनिटी त्याला ओळखते ते भाग) तरुण आणि वयस्कर लोकांच्या कातडीत टोचून पाहिले. तरुणांची जागा छान लालबुंद होऊन सुजली, म्हणजे टी सेल्स कामाला लागल्या, वयस्करांची फारशी नाही. आणि गंमत म्हणजे त्यांच्या कातडीतल्या टी सेल्स बऱ्यापैकी शाबूत होत्या! बिघाड शेजारी होता. कातडीतल्या ज्या पेशी म्हाताऱ्या होऊन विभागायच्या थांबल्यात पण मरत नाहीत, त्या नुसत्या सुई टोचल्यावरही केमिकल सोडून मोनोसाइट्सना (रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना) गोळा करतात, ते मोनोसाइट्स प्रोस्टाग्लॅन्डिन ई२ नावाचं केमिकल बनवतात आणि त्याने टी सेल्स गप्प बसतात. मग वयस्करांना काही दिवस सूज दाबणारं लोसमॅपिमॉड नावाचं औषध दिलं तर तीच रिअ‍ॅक्शन सुधारली. दाबल्यावर सुधारली हो, वाढवल्यावर नाही! म्हणून मला 'बूस्टर' या शब्दाचाच राग येतो, नेमकं काय बूस्ट करणार, ती सूजच ना?

बाकी थायमस (छातीतली, टी सेल्स तयार करणारी ग्रंथी) आक्रसतं, नव्या टी सेल्स कमी बनतात, हे आहेच, ते मी नाकारत नाही.

त्या म्हाताऱ्या पेशीच मारून टाकायच्या गोळ्यांचं विचारलंत. २०२१ मधे म्हाताऱ्या उंदरांना अशा पेशी मारणारं फिसेटिन देऊन कोरोना जातीच्या व्हायरसने होणारे मृत्यू बरेच कमी झाले, पण ते उंदीर. याच कामासाठी ज्याचं नाव घेतात ते डासाटिनिब तर ब्लड कॅन्सरचं औषध आहे, कृपा करून ऑनलाइन मागवून आईला देऊ नका.

'मग या वयात लस टोचून काय उपयोग' हे मात्र मला अजिबात पटलं नाही. नागिणीच्या जुन्या जिवंत (कमजोर केलेल्या व्हायरसच्या) लसीचं संरक्षण सत्तरीपुढे ३८ टक्क्यांवर यायचं हे खरं, पण शिंग्रिक्स या नव्या लसीचं ट्रायलमधे त्याच वयात ९० टक्क्यांच्या आसपास राहिलं, कारण त्यात अँटिजेनबरोबर चांगलं अ‍ॅडज्युव्हंट (लसीचा परिणाम वाढवणारा घटक) आहे. नागीण होऊन गेली असली तरी ती घेता येते, २ ते ६ महिन्यांच्या अंतराने दोन डोस, कधी सुरू करायचे ते डॉक्टरांना विचारा. आणि पुन्हा एका बाजूला आग होऊन पुरळ दिसलं तर 'वेढा पूर्ण होतोय का' बघत बसू नका, अँटिव्हायरल गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू झालेल्या बऱ्या.